हाय प्रोटीन

सूज हा माझा विषय. नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात मी शिकवतो आणि उरलेल्या वेळात निर्गुडीचा अर्क सुजेवर कसा काम करतो ते तपासतो. बरेच दिवस रेंगाळलेली सूज आणि कॅन्सर यांचं साटंलोटं असतं, म्हणून त्या अर्कानं कॅन्सरच्या पेशींमधली काही प्रोटीनं कमी होतात का, हेही बघतो. हे सगळं काचेच्या बशीत. बशीपासून माणसापर्यंतची वाट किती लांब आहे ते लग्नकार्यात सांगायला लागलं, की ऐकणारे जांभया देतात. त्यांना एवढंच हवं असतं, औषध बाजारात कधी येणार.

आत्यानं मात्र असं कधी विचारलं नाही. दिंडोरीजवळच्या गावात द्राक्षबागेत तिचं आयुष्य गेलं, शिवाय गावच्या अंगणवाडीत ती मदतनीस होती. भाच्याच्या कामाचं तिला भारी कौतुक. एकदा तिनं बांधावरची निर्गुडी पोतंभर तोडून एसटीनं पाठवली. फवारणीच्या बागेशेजारचा पाला प्रयोगाला चालत नाही, आम्ही तो पेठकडच्या डोंगरातून आणतो, हे सांगायचा मला धीर झाला नाही. बायकोनं ते पोतं सोसायटीतल्या गुडघेदुखीवाल्यांना वाटून टाकलं आणि सगळ्यांनी आत्याला दुवा दिला.

पुढे आत्याचं पोट फुगायला लागलं. तपासण्यांत अंडाशयाचा कॅन्सर निघाला आणि केमोसाठी ती आमच्याकडे राहायला आली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, रक्तातलं मार्कर प्रोटीन फार वाढलंय, ते खाली आलं की उपचार लागू पडतोय असं समजायचं. मी मान डोलावली, तिनंही डोलावली. मग आहाराचा सल्ला देणाऱ्या मॅडमनी तिला आत बोलावलं. मी तेव्हा खाली औषधांच्या रांगेत होतो. काय म्हणाल्या, असं विचारलं तर आत्या म्हणाली, समजलं मला सगळं, तू नको काळजी करू.

पहिल्या डोसनंतर तिचं जेवण बदललं. भाकरी, भाजी, थोडा भात. वरण नको, अंडं नको, दूधही नको. केमोनं तोंडाची चव जाते हे आता घरोघरी माहीत झालंय, त्यामुळे कुणी फार आग्रह धरला नाही. बायकोनं मुद्दाम तिच्या आवडीचे हुलग्याचे शेंगोळे केले. ते तिनं आम्हाला पोटभर वाढले, वास छान सुटलाय म्हणाली, आणि स्वतः भोपळ्याची भाजी घेतली.

मग तिचे पाय सुजले. तिनं निर्गुडी मागितली, मी आणून दिली, बायकोनं तव्यावर पाला गरम करून बांधला. घरात सुजेचा प्राध्यापक असून शेवटी पालाच कामाला येतो, असं म्हणून आत्यानं माझी फिरकी घेतली. सूज काही उतरली नाही. त्याच सुमाराला प्रयोगशाळेत मात्र आमच्या अर्कानं पेशींमधलं एक प्रोटीन चांगलंच उतरवलं. घरी आल्यावर मी बूटही न काढता तिला ते सांगितलं. तिचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं, माझं काम खरं हिलाच कळलं.

"माझंबी व्हईल मंग कमी," ती म्हणाली.

पुढच्या डोसच्या वेळी डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं आणि केमो पुढे ढकलली. शरीरातलं प्रोटीन तळाला गेलंय, पाय त्यामुळेच सुजलेत, या अंगाला डोस सोसणार नाही, म्हणाले. जेवणात डाळ, अंडी काहीच नसतं का, असं त्यांनी मला विचारलं. उत्तर आत्यानं दिलं.

"तुमीच म्हनले ना वाढलंय म्हनून? त्या म्याडमबी म्हनल्या, तुमाला हाय प्रोटीन, डाएट करा. मंग मी सगळं बंद केलं."

हाय प्रोटीन डाएट. मॅडमनी इंग्रजीतला 'हाय' म्हटला होता, आत्यानं दिंडोरीचा ऐकला. आणि डाएट करणं म्हणजे खाणं तोडणं, हे तर तिनं शहरातल्या सगळ्याच बायकांकडून ऐकलेलं. प्रोटीन कशात असतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. अंगणवाडीत डाळ शिजवून पोरांना वाढण्यात तिची उमर गेली होती, त्यामुळे एकही जिन्नस तिच्या तावडीतून सुटला नाही.

रिक्षात मी तिला समजावून सांगितलं. रक्तातलं ते प्रोटीन वेगळं, ताटातलं वेगळं, ताटातल्यानं ते वाढत नाही. ती म्हणाली, "म्हंजी मी उलटंच केलं व्हय?" मी म्हणालो, तुझं काही चुकलं नाही, आमचे शब्दच तसले. हे खरं होतं, पण त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

त्या दिवसापासून ती नेमानं वरण प्यायची, अंडं खायची, पण अंग काही उभं राहिलं नाही. केमो परत सुरू करता आली नाही. तिला गावी नेलं आणि द्राक्षांची तोडणी चालू असताना ती तिथंच वारली. आजार आधीच पसरलेला होता, डोस मिळाले असते तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणतात. पडलाही असता, असं मला वाटतं, आणि हे वाटणं जात नाही.

त्याहून एक गोष्ट जास्त सलते. अगदी शेवटी मी तिला विचारलं होतं, इतका उपास काढलास, एकदा बोलायचं तरी. ती म्हणाली, "तू तिकडं कमी करत व्हता. म्हनलं, आपन इकडून हात लावावा."