बजबजचा टोटोवाला

बँकेने माझी बदली बजबजला केली, तेव्हा आईही सोबत आली. बंगाली येत नसल्यामुळे ती घराबाहेर पडेना. शेवटी एका रविवारी नदीकाठची बाग दाखवायला मी तिला टोटोत, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षात बसवलं. टोटोवाला साठीचा, गळ्यात गमछा, वाटेत भेटेल त्याला हाक मारणारा. परतताना त्याने आईला हिंदीत विचारलं, "मासीमा, उद्या किती वाजता येऊ?"

आई गमतीने "पाच" म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला तो खरोखरच दारात हजर. आईला नाही म्हणवेना. मग रोजच ती जाऊ लागली आणि बागेतल्या बायकांशी हातवारे करत गप्पा मारू लागली.

महिन्याभराने मी स्टेशनातून बाहेर पडलो, तर हा ओरडत होता, "चला, मराठी मासीमांची बाग!" दोन बायका निमूट चढून बसल्यासुद्धा.

"अहो, बागेचं नाव वेगळंच आहे ना?" मी विचारलं.

"ते पाटीवर आहे, दादा. जो रोज येतो, त्याचंच नाव जागेला पडतं."

घरी हे सांगितलं, तर आई लाजून लाल झाली. मग पदर खोचत म्हणाली, "रवा आण. उद्या बागेत सगळ्यांना लाडू न्यायला हवेत."