मुकुटाची काळी फीत

खालच्या खानावळीत, शेगडीच्या वरच्या भिंतीवर, धुराने पिवळं पडलेलं एक छापील चित्र आहे. त्यात नवरा समोर तोंड करून उभा आहे आणि नवरी जरा पाठमोरी, कारण चित्रकाराला तिची वेणी दाखवायची होती. डोक्यावर सोनेरी तारेचा मुकुट, आणि वेणीवरून कमरेपर्यंत उतरलेली काळी फीत. खाली छापलंय, ‘युवराजांच्या विवाहप्रसंगी आमच्या खोऱ्यातील वधूवर’. नावं नाहीत. नवरा म्हणजे माझा बाप क्विरीन. पाठमोरी आहे ती माझी आई.

तिचा चेहरा कुठल्याच चित्रात नाही. मला तो आठवतो, पण दर वर्षी थोडा कमी.

तिचं नाव नोटबुर्गा. सगळे बुर्गी म्हणत. तेराव्या वर्षापासून ती दुसऱ्याच्या गोठ्यात राबली. उन्हाळाभर वरच्या कुरणावर गुरं आणि चीज, हिवाळाभर खाली शेण आणि सूत. तिच्या हातांना आंबट दुधाचा वास असे, तो सणाच्या दिवशीही जात नसे. बाप हिवाळ्यात झाडं तोडायचा आणि बर्फ वितळलं की ओंडके नदीत सोडायचा. दोघांकडे मिळून चार हात होते. आमच्याकडे लग्नाला हात पुरत नाहीत. घर लागतं, जमीन लागते, आणि गावाच्या पंचांची परवानगी लागते. ज्यांच्याकडे काही नाही त्यांची मुलं उद्या गावाच्या दारात येऊन बसतील, असं पंच म्हणत. आई-बाप पंचांपुढे चार वेळा उभे राहिले. गावप्रमुख कायेटान चारही वेळा पाइप ओढत ऐकायचा आणि म्हणायचा, “पुढच्या वर्षी बघू.”

दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या मध्ये माझा जन्म झाला.

पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याच्या वहीत माझं नाव मागच्या पानावर लिहिलं. तशा मुलांसाठी मागची पानं होती. मी आत्याकडे वाढले. आई रविवारी यायची. अशा बायका आपल्या मुलीला चारचौघांत ‘बहिणीची पोर’ म्हणत, आणि लोकही मान डोलावून ते चालवून घेत. आईने एकदाही तसं म्हटलं नाही. चर्चच्या अंगणात ती मोठ्याने हाक मारायची, “वेवी, इकडे ये, तुझं नाक पुसू दे.” सगळं गाव माझ्या नाकाकडे बघायचं.

आता मुकुटाविषयी. तो गावात एकच होता. सोन्याचं पाणी दिलेली तार, काचेचे मणी, आणि चालताना थरथरणारी पत्र्याची बारीक पानं. तो सांभाळायची आफ्रा, बेकरीवाल्याची बिनलग्नाची बहीण, साठीच्या पुढची. लग्नाच्या सकाळी ती नवरीच्या घरी जायची, मुकुट चढवायची आणि मागे लाल फीत बांधायची. जिला आधीच मूल झालेलं असेल किंवा होणार असेल, तिला मुकुट नाही. तिच्या वेणीला काळी फीत, आणि चर्चमध्ये शिरायचं ते बाजूच्या दाराने. कुणी काही बोलायचं नाही. फीत बोलायची. आफ्रा बोटांवर महिने मोजायची आणि तिची बोटं कधी चुकत नसत. बारसं लवकर आलं की खानावळीत म्हणत, “आफ्राबाईच्या बोटांना विचारा.”

अठराशे बेचाळीस सालच्या उन्हाळ्यात हुकूम आला. ऑक्टोबरात म्युनिकला युवराजांचं लग्न. त्या दिवशी प्रत्येक भागातून एक जोडपं आपापल्या पोशाखात तिथे यावं, त्यांचंही लग्न राजाच्या खर्चाने लागेल. सोबत पोशाखाचं रंगवलेलं चित्र होतं, नवरीच्या डोक्यावर मुकुट. वर्तन चांगलं असल्याचा दाखला हवा, आणि चित्रात आहे तसंच सगळं हवं. नसेल तर जोडपं परत पाठवलं जाईल.

कायेटानला वाटलं, शेतकरी उड्या मारतील. कुणी हललं नाही.

“राजाच्या खर्चाने?” वरच्या वाड्यावरचा शेतकरी म्हणाला. “वीस वर्षं मी लोकांच्या लग्नात जेवलोय. माझ्या पोरीचं लग्न तिकडे लागलं तर हे सगळे जेवतील कुठे? तुझ्या घरी?”

“अरे, मान आहे तो!”

“मग तू कर दुसरं लग्न. बायकोला विचार आधी.”

खानावळ हसली. कायेटान हसला नाही. जोडपं पाठवलं नाही तर जिल्ह्याच्या साहेबासमोर त्याची शोभा होणार होती. तेव्हा त्याला माझे आई-बाप आठवले.

आठ वर्षं जो कागद मिळत नव्हता तो एका दुपारी तयार झाला. आईला कुरणावरून खाली बोलावलं. ती मला घेऊनच गेली.

“बुर्गी, तुझं नशीब उघडलं बघ,” कायेटान म्हणाला. “खुद्द राजा लग्न लावतोय.”

“चार वेळा आम्ही आलो मालक, तेव्हा राजा कुठे होता?”

“जीभ आवर. आणि एक ऐक. पोरीचं नाव तिथे काढायचं नाही. दाखल्यावर मी ‘निष्कलंक’ लिहिलंय.”

आईने कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तो शब्द कुठे आहे ते तिने बोटाने दाखवायला सांगितलं. मग म्हणाली, “तुम्ही लिहिलात, तुम्हीच सांभाळा.”

तिथून आम्ही आफ्राकडे गेलो. आफ्रा पिठाच्या पोत्यांमध्ये स्टुलावर बसली होती. कायेटानचं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणाली, “मुकुट नाही.”

“आफ्राबाई, राजाचा हुकूम आहे.”

“मग राजाने घालावा.”

“अहो, चित्रात मुकुट आहे!”

“चित्राला पोर नसते.”

कायेटानने टोपी काढून परत घातली. “बुर्गी, तू सांग काहीतरी. तुझंच लग्न आहे ना?”

आई म्हणाली, “आफ्राबाईंचं बरोबर आहे.”

“तू कुणाच्या बाजूची आहेस गं?”

“लाल फीत बांधून मी या गावात परत आले,” आई म्हणाली, “तर मग ही कोण?” तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. हात जड होता.

“आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न आहे!”

“तुमच्यासाठी.”

आज मला कळतं की त्या पिठाच्या खोलीत आई सुरीच्या पात्यावर उभी होती. नाही म्हणावं तर लग्न कायमचं जाणार. पुन्हा असा राजा, असा हुकूम, अशी अडचण कायेटानवर येणार नव्हती. हो म्हणावं तर लग्न मिळणार, पण मला पुसून. मग ती आफ्राशीच बोलली.

“मुकुट द्या. पण फीत काळी बांधा.”

आफ्राने मान वर केली. “मुकुट आणि काळी? असं कधी झालेलं नाही.”

“राजाने तरी कधी आमचं लग्न लावलं होतं?”

“काळी नको!” कायेटान म्हणाला. “तिथे कुणी विचारलं तर?”

आफ्राने त्याच्याकडे बघितलंच नाही. मला जवळ बोलावलं. “किती वर्षांची तू?”

“सहा.”

तिची बोटं सवयीने हलली, आणि थांबली. “मी स्वतः येईन म्युनिकला,” ती म्हणाली. “पेटी माझ्याच मांडीवर राहील. फितीचं मी बघेन.”

निघताना तिने पेटीत दोन्ही फिती ठेवल्या. तीन दिवसांच्या गाडीप्रवासात आईने एकदाही विचारलं नाही.

मी गेले नव्हते. पुढचं मला दोघांनी सांगितलं, वेगवेगळं, आणि मी ते जोडलं आहे. एका मोठ्या दालनात तीसेक नवऱ्या तयार होत होत्या. फरच्या टोप्या, काळ्या हॅट, चांदीच्या साखळ्या. बाजारात गुरं एकमेकांना हुंगतात तशा एकमेकींकडे बघत होत्या. आई स्टुलावर बसली. आफ्राने मुकुट चढवला, पिना खोचल्या.

“कुठली?” आईने विचारलं.

“मान खाली घाल.”

फीत बांधली गेली. ती आईच्या पाठीवर होती; आईला दिसणार कशी? आरसे दुसऱ्यांकडे होते. ती उठून दाराकडे गेली, तिथे कायेटान आपल्या चांदीच्या बटणांच्या कोटात उभा होता. ती पुढे गेली आणि त्याने मागून पाहिलं. आईने वळून बघितलं तर त्याचा चेहरा ताज्या चीजसारखा पांढरा. तेव्हा तिला रंग कळला.

“आफ्राबाई, हे काय केलंत!” तो दातांतल्या दातांत म्हणाला.

“मोठ्याने विचारा ना मालक. मोठ्याने सांगते.”

दाखल्यावर सही त्याची होती.

चर्चमध्ये राजवाड्याकडची कुणी बाई नवऱ्यांच्या रांगेतून फिरत होती. आईपाशी थांबून तिने दोन बोटांनी फीत उचलली. “सोन्यावर काळा! किती उठून दिसतोय.” शेजारच्या चित्रकाराला तिने खूण केली. म्हणून आई पाठमोरी आहे.

युवराज आणि नवी राजवधू त्यांना दिसली ती एवढीच: घोड्यांचे पुट्ठे, आणि गाडीच्या खिडकीत हलणारा एक पांढरा हातमोजा. बापाला तिथल्या बिअरचा फेस जास्त आठवायचा. आई म्हणायची, “एवढ्या माणसांसमोर मी खरं बोलले आणि एकालाही ऐकू आलं नाही. मला आधी बरं वाटलं. मग एकटं वाटलं.”

गावात परतल्यावर त्याच पोशाखात चर्चला जायचं होतं, आणि अडचण झाली ती दाराची. मुकुटवाली मोठ्या दाराने जाते, काळी फीत बाजूच्या. पाद्रीबाबा दोन्ही दारांच्या मध्ये उभे होते, हातात किल्ल्या. कुंपणावरून कुणीतरी ओरडलं, “मुकुटवाली की काळी? ठरवा एकदा!”

“दोन्ही,” आफ्रा म्हणाली. “डोळे नाहीत का?”

आईने माझा हात धरला आणि मोठ्या दाराकडे चालू लागली. तिच्या डोक्यावरची पानं थरथरत होती, तिचा हात नव्हता. पाद्रीबाबा बाजूला झाले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. आई-बापाला लाकडाच्या गिरणीजवळ दोन खोल्या मिळाल्या, मी आत्याकडून घरी आले, भाऊ झाले, एक गेला. आईने चीज केलं, विकलं. दोन वर्षांनी ते चित्र छापून आलं आणि खोऱ्यातल्या प्रत्येक खानावळीत लागलं. वरच्या गावांना आमच्या फितीचा अर्थ ठाऊक नव्हता. चित्र राजवाड्यातून आलेलं. म्हणजे तेच बरोबर. तिकडच्या नवऱ्या काळी फीत बांधू लागल्या. मग आमच्याही. कायेटानच्या मुलीचं, उर्सुलाचं, लग्न ठरलं तेव्हा तिने काळीच मागितली.

“वेड लागलंय का तुला? त्याचा अर्थ काय होतो माहीत आहे?” कायेटान ओरडला म्हणे.

“माहीत आहे. पण युवराजांसमोर चालली ती मला का नको? आणि तुम्हीच तर नेली होतीत तिकडे, बाबा.”

आफ्राला बांधावी लागली. त्या दुपारी ती आमच्याकडे आली, शेगडीजवळ बसली, कोट न काढता.

“बुर्गी, चाळीस वर्षं मी दोन फिती सांभाळल्या. आता एकच उरली, आणि ती काहीच सांगत नाही. मी काय बांधू?”

“मोजणं सोडा, आफ्राबाई.”

“आणि मग करू काय?”

आईने वाडग्यात रस्सा ओतला, त्यात पावाचे तुकडे टाकले आणि आफ्राच्या हातात दिला. मला तेव्हा वाटलं, या दोघींनी एकमेकींचं काहीतरी हिरावून घेतलं आहे आणि ते दुसऱ्या कुणाला समजणार नाही.

आफ्रा वारल्यावर पेटी आईकडे आली. पानं सैल झाली की तारेला कशी वळवायची ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. ज्या मुकुटावर तिचा हक्क नव्हता तो तिने तेवीस वर्षं सांभाळला. नवरीला ती एकच प्रश्न विचारायची: “घट्ट होतोय का?”

माझं लग्न ठरलं तेव्हा मी म्हणाले, “आई, मला लाल बांध. माझा हक्क आहे.” मला वाटलं होतं तिला आवडेल. एकेकाळी त्या रंगाला काही अर्थ होता, तो मला एकटीला तरी परत आणायचा होता.

तिने पेटीचा तळ उपसला. लाल फीत होती, घडीवर विरलेली. तिच्याखालून तिने दुसरी काढली. काळी, पण आता तपकिरीकडे झुकलेली, एका टोकाला म्युनिकच्या गाडीतल्या ग्रीसचा डाग.

“बाकीच्यांच्या फिती दुकानातल्या आहेत,” ती म्हणाली. “ही तुझी आहे. तुझ्यासाठीच मागून घेतली होती.”

तिने मुकुट चढवला आणि मी मान खाली घातली. तिच्या हातांचा आंबट वास आला. गाठ मारताना तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

“घट्ट होतोय का?”

“नाही,” मी म्हणाले.

होत होता. पण तिने तो सैल केलेला मला नको होता.