रिकामा राहिलेला तिसरा चौकोन

आधीच सांगते, भुताखेतांचं काही छापून आलं की मी पान उलटते. घरात कुणी 'बाहेरचं' म्हणालं तर आधी थर्मामीटर काढते. शहापूरला माझा कॉम्प्युटर क्लास आहे, वीस-बावीस वर्षं झाली. मशीन वेड्यासारखं वागलं तर एक तर वायर सैल असते, नाहीतर माणसाने नको ते बटण दाबलेलं असतं. माझं मत अजूनही हेच आहे. ते तसंच ठेवून पुढचं लिहितेय.

माझे सासरे, आबा, मुरबाडकडच्या आमच्या गावी असायचे. गेल्या पौषात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजायचं सगळं, पण 'हो' म्हणायचं असलं तरी मान नकाराची हलायची, कधी उलट. आम्ही त्यांना शहापूरला आणलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, डावा हात रिकामा ठेवू नका. मी त्या हातात माऊस दिला.

क्लास नवा होता तेव्हापासून मला जुन्या पद्धतीच्या पॉइंट-अँड-क्लिक गेमचा नाद आहे. पडद्यावर एक खोली असते. नीट बघायचं, हवी ती वस्तू क्लिक करून खालच्या चौकोनांत जमवायची, आणि कशाला काय लागू पडतं ते शोधायचं. घाई नाही, मारामारी नाही. आबांना ते लगेच जमलं. तुटका खिळासुद्धा जपून ठेवणारा माणूस! माझ्याकडचे सगळे गेम त्यांनी दोन महिन्यांत संपवले.

मग मी नवे शोधायला बसले. माझ्या अटी साध्या होत्या — फक्त माऊस, वेळेचं बंधन नको, वाचायला इंग्रजी नको. मोबाइलवर मिळाले ते जाहिरातींनी भरलेले. काहींत पळावं लागे, काहींत पानभर संवाद. मी वहीत नावं लिहून एकेक खोडत गेले. नवरा म्हणाला, "टीव्ही लावून दे ना त्यांना." टीव्हीला हात लागत नाही, असं सांगून मी पुढचं नाव उघडलं.

इकडे गावी वेगळाच घोर. आबांचं लाल, जाड भात आता आमच्या गावात दुसरं कुणी लावत नाही. सगळे दुकानाची पिशवी आणतात. कापणीनंतर त्याचं बियाणं पेंढ्यात गुंडाळून, पेंढ्याच्याच दोरीने आवळून आबा त्याचा गोल मुडा बांधत आणि दरवर्षी वेगळ्या जागी ठेवत. कुठे, ते कुणाला सांगायचं नाही, कारण बोललं की उंदीर ऐकतात — ही आमच्या घरची रीत. मी हसायचे. यंदा हसू आलं नाही. जागा एकट्या आबांना ठाऊक, आणि आबा बोलू शकत नव्हते. विचारलं की मान कशीही हलायची आणि डोळे भरून यायचे. हे बी जुनं झालं की उगवत नाही. यंदा पेरलं नाही तर ते वाणच गेलं. भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, माळा, कणगी, पडवी सगळं उपसलं. पालापाचोळा जाळून बी टाकायची जागा भाजून तयार होती, पेरणी आठ दिवसांवर.

त्याच आठवड्यात मला हवा तसा गेम सापडला. परदेशातल्या एका हौशी माणसाने एकट्याने केलेला, फुकट, एकही शब्द नसलेला. बर्फातलं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. दुपारी एकची बॅच सुटल्यावर आम्ही दोघं बसलो. तेलाचा डबा मिळाला, किल्ली मिळाली. मग सामानाची खोली आली. तिथे बर्फावरून ओढायची लाकडी गाडी आढ्याला उलटी टांगलेली. आबांनी बाण तिच्या पोटाशी नेला आणि क्लिक केलं. खालच्या तिसऱ्या चौकोनात एक गोल, पेंढ्याने आवळलेला मुडा आला.

मी म्हटलं, "आबा, तिकडेपण मुडे बांधतात वाटतं?"

आबा हसले. आवाज काढून हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. मग माऊसवरचा हात उचलून त्यांनी मांडीवर ठेवला.

मी पडद्याकडे बघत राहिले. बैल विकल्यावर आमच्या बैलगाडीची साटी, म्हणजे वरचा सांगाडा, गोठ्यात आढ्याला उलटी टांगलीय. मी गेम सेव्ह केला आणि भावजींना फोन लावला.

"गोठ्यातल्या साटीत आतून बघितलंत?"

"तिथं काय असनार वयनी? निसती जाळी."

"चढा वर."

"शिडी मोडलीय गो."

"शेजारची आणा. मी फोन ठेवत नाय."

बराच वेळ नुसतं खरखरणं. मग हळू आवाजात, "वयनी... हाय. मुडा हाय. तुला कोनी सांगला?"

मी आबांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, झोप लागली होती.

भात पेरलं, आलं, कापूनही झालं. मी मात्र स्वस्थ बसले नाही. गेम पहिल्यापासून पाच वेळा खेळले. त्या गाडीवर बाण नेला तर काहीच होत नाही, तिच्यात काहीच नाही. तिसऱ्या चौकोनात एक दोरी येते, तीही पुढच्या खोलीत. गेम करणाऱ्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं की गाडी निव्वळ चित्र आहे आणि असं गाठोडं त्याने काढलेलंच नाही. त्या दुपारचा सेव्ह उघडला तर पहिल्या चौकोनात डबा, दुसऱ्यात किल्ली, तिसरा रिकामा, आणि नंतर उचललेली दोरी जाऊन बसते चौथ्यात. तो म्हणाला, माझ्या गेममध्ये मधे जागा सुटूच शकत नाही, फाइल पाठवा. पाठवली. त्याच्याकडेही तिसरा रिकामाच दिसला. तो अजून शोधतोय. मीही.

आबांनी सुचवलं म्हणावं, तर गाडीत मुडा ठेवला कुणी? मला भास झाला म्हणावं, तर ती रिकामी जागा दोन देशांत दिसते. वायर मी तपासली आहे.

आबांना आता दोन-चार शब्द येतात. सगळ्यात स्पष्ट येतो तो "दुसरा", म्हणजे दुसरा गेम लाव. तेव्हा फक्त माऊसचे, बिनघाईचे, बिनशब्दांचे गेम कुणाला माहीत असतील तर जरूर कळवा.

आणि यंदाचा मुडा कुठे ठेवलाय ते मी आबांसमोर वहीत लिहून घेतलंय. इथे मात्र सांगणार नाही.