दोनदा केलेली दुरुस्ती

चूक माझी होती आणि तिची माफी माझ्या विद्यार्थिनीने मागितली. मी नुसता ऐकत बसलो.

नाशिकच्या कॉलेजात शिकवताना परदेशातल्या एका प्रयोगाचं थोडं काम मी इथूनच करतो. तिथे कणांची टक्कर होते, भोवती स्फटिकांचा डिटेक्टर आहे. इलेक्ट्रॉन स्फटिकात शिरला की उजेड पडतो. उजेडावरून त्याची ऊर्जा कळते. सततच्या माऱ्याने स्फटिक काळपटतात, उजेड कमी मिळतो, म्हणून आकडा तेवढा वाढवून घ्यावा लागतो. ही दुरुस्ती माझ्याकडे. ती नीट बसली का, हे तपासणं माझ्या या विद्यार्थिनीकडे; तिच्या पीएचडीचं ते मुख्य प्रकरण. झेड नावाच्या कणाचं वस्तुमान पक्कं ठाऊक आहे. तो फुटून निघालेल्या दोन इलेक्ट्रॉनांवरून तेच परत मिळालं, की मोजमाप खरं. हे जुळतं तेव्हा मला अजूनही फार बरं वाटतं.

तिचं जुळेना. "तुझ्याच प्रोग्रॅममध्ये काहीतरी राहिलंय," मी म्हणालो. सायखेड्याच्या घरी बसून तिने अख्खी दिवाळी ओळ न् ओळ तपासण्यात घालवली.

मग एका दुपारी तिने आलेख पुढे ठेवला. "सर, डिटेक्टरच्या मधे वस्तुमान बरोबर येतंय. टोकांनाच वर जातंय बघा."

टोकांचे स्फटिकच सर्वांत जास्त काळपटतात. मला लगेच कळलं. नव्या डेटात दुरुस्ती तिकडूनच करून आलेली होती. मी तीच पुन्हा केली होती.

"बघतो," एवढंच म्हणालो. माझी दुरुस्ती गुपचूप काढली आणि तिला परत चालवायला सांगितलं. सगळं जुळलं. आधी आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं तिने धरलं. त्या आठवड्याच्या ऑनलाइन बैठकीत ती सगळ्यांना म्हणाली, "उशीर माझ्यामुळे झाला, सॉरी."

दुसऱ्या दिवशी तिने डबा आणला. "आईने थालीपीठं दिलीत. म्हणाली, सरांना लय त्रास दिला तू."

डबा तसाच ठेवला. मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझा प्रोग्रॅम पहिल्यापासून बरोबर होता?"

"हो."

"आणि माझी दिवाळी?"

विचारता विचारता तिलाच हसू फुटलं. "मग थालीपीठं परत द्या, सर."

पुढच्या बैठकीत तिच्या आधी मी माईक सुरू केला. दुरुस्ती मी दोनदा केली, कळल्यावर लपवली, तिचं काम पहिल्यापासून बरोबर होतं, असं सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. मग फक्त तिला कळेल असं मराठीत म्हणालो, "चुकलो गं. माफ कर."