मेथीची जुडी आणि रोमानियाचा बचावपटू

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात एक मेंढपाळ चहाच्या टपरीवर मोबाइलवर फुटबॉल बघत बसतो. पायाशी एक शेळी. रोमानियाचा कुणी बचावपटू त्याचा फार लाडका.

"एक गोल करत नाही, त्याचं कसलं कौतुक?" एकदा बाजार करून त्याच्याशेजारी टेकलो तेव्हा मी खवचटपणे विचारलं.

"गोल काहून करंल? मेंढ्यांच्या वाडग्याच्या तोंडाशी उभं राहून लांडगा आत येऊ द्यायचा न्हाई, हे त्याचं काम. आता वय झालं, तर क्लबवाले त्याला उसना देऊन आमच्या खताला बसवलेल्या मेंढ्यांवानी आज या वावरात, उद्या त्या वावरात बसवून राहिले."

ऐकून मलाही वाईट वाटलं. तेवढ्यात शेळीनं माझ्या पिशवीतली मेथी फस्त केली.

"अहो, तुमची शेळी!" मी ओरडलो.

त्यानं रिकाम्या पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"साहेब, तुमचा डिफेन्स लई कच्चा हाय."