बरडावरचा हुरडा

पालमहून राणीसावरगावकडं जाताना डाव्या हाताला आमचं शेत लागतं. अर्धं काळं, अर्धं बरड. काळ्यात काठी खोचून विसरावं, तर पुढच्या वर्षी तिला शेंगा लटकतात. बरडात गोट्यांशिवाय काही पिकत नाही, आणि तेही कोरडवाहू. नवा रस्ता या दोहोंपैकी कुठून न्यायचा हे ठरायचं होतं, आणि ठरवणारे मंत्रीच आमच्याकडं हुरडा खायला यायचे होते.

थोरल्या काकांची झोप उडाली. "साहेबाची नजर काळ्यावर पडली की ते गेलंच समजा," ते म्हणाले. "हुरडा बरडात करायचा."

"बरडात ज्वारी हाय कुठं?" काकू म्हणाली.

"उभी करू की!"

आणि केली. काळ्यातली गुळभेंडी ज्वारी बुडापासून कापली आणि दोन पुरुष उंच ताटं बरडात भोकं पाडून ओळीनं रोवली. पाखरंसुद्धा फसली, मला गोफण घेऊन राखणीला बसावं लागलं.

साहेब आले. आगटीतल्या गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजली, काकांनी ती तळहातावर चोळून दाणे पुढं केले. लसणाच्या चटणीबरोबर साहेबांचं तोंडही सुटलं. राजकारणात म्हणे समोरच्याला आधी बोलू द्यावं. काकांनी लगेच ओठ आवळले. लढाई म्हणे तोफांनी नाही, रसदीनं जिंकतात. एवढं सांगेस्तोवर साहेबांनी एकट्यानं पलटणीची रसद संपवली होती.

काका माझ्या कानाशी पुटपुटले, "लढाईचं कशाला काढायलाय हा? जमीन घ्यायचा डाव हाय."

मग साहेब नियोजनावर आले. "माझं एकच म्हणणं. पिकत्या जमिनीवर डांबर नको. रस्ता खडकाळीवरून न्यावा." त्यांनी भोवती डुलणाऱ्या ज्वारीकडं पाहिलं आणि सोबतच्या इंजिनिअरला म्हणाले, "ही जमीन वाचवा. पलीकडं काय आहे?"

"नुसते दगड, साहेब. सकाळी मी तिकडं बघायला निघालो, तर मालकांनीच सांगितलं."

"मग पलीकडून न्या."

काकांच्या ओंजळीतला हुरडा मातीत सांडला. खरं बोलावं तर मंत्र्याला फसवल्याचं उघडं पडणार, गप्प बसावं तर काळं जाणार.

काकू ताक घेऊन आली होती. तिनं तांब्या खाली ठेवला, जवळचं एक ताट एका हातानं उपटलं आणि साहेबांसमोर धरलं. ना मूळ, ना माती.

"आमच्या मालकाला लय अक्कल हाय, साहेब," ती म्हणाली. "काळं तिकडं हाय. चला, दाखवते."

साहेब असे हसले, की आगटीतली राख उडून इंजिनिअर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला. काकूमागोमाग जाऊन त्यांनी काळ्यातलं ढेकूळ उचललं, बोटांत चुरून पाहिलं, आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं: रस्ता बरडातून.

गाडी धुराळ्यात दिसेनाशी झाली, तशी काकू म्हणाली, "आता तरी हसा की."

"एवढ्यात मानलं?" काका म्हणाले. "वादबी घातला न्हाई? ह्यात कायतरी मेख हाय."

आता बरडात रस्त्याच्या खुणेचे दगड रोवलेत. काका रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन बघतात, एखादा रातोरात काळ्याकडं सरकला तर नाही.