टाकीवर ‘बेळगाव’, पाटीवर केए

मंडळी, आज माझी क्रूझर बाईक विकायला बेळगावजवळच्या येळ्ळूरहून निपाणीला गेलतो. आठ वर्षं पोटच्या पोरीगत जपलेली गाडी. हँडल, सीट हौसेनं बदललेली, टाकीवर भगव्या अक्षरांत ‘बेळगाव’ रंगवलेलं.

कोल्हापूरचा एकजण बघायला आलता. फेरी मारून लई खूष. टाकीवर हात ठेवून सेल्फी काढला. "अण्णा, ही अक्षरं बघूनच आलोय!"

मग नंबरप्लेट बघितली. विकायच्या जाहिरातीतल्या फोटोत मी ती झाकलेली, त्याला कोल्हापूर पासिंग वाटलेलं.

"केए? परत टॅक्स, एनओसी, चौकात पोलीस. कर्नाटकची गाडी नको ओ."

गाडी तशीच घरी आणली. आत्ता त्याचं स्टेटस बघितलं. माझ्या गाडीबरोबरचा सेल्फी, खाली लिहिलंय, ‘बेळगाव आमचंच!’

बेळगाव तुमचं, मग बेळगावची गाडी तेवढी कर्नाटकची कशी रं?